पर्यावरणस्नेही डिटर्जंट निवडताना: आधी पाणी, मग पुडा

दुकानात धुण्याच्या साबणांच्या फळीसमोर उभे राहिले की ‘निसर्गस्नेही’, ‘वनस्पतीजन्य’, ‘फॉस्फेटमुक्त’ असे शब्द सगळीकडे सारख्याच हिरव्या अक्षरांत दिसतात आणि निवड सोपी होण्याऐवजी अवघड होऊन बसते. पुड्यावरचा मजकूर आतल्या घटकांविषयी बोलतो. पण खरा प्रश्न आपल्या नळाला कोणते पाणी येते आणि मोरीतून गेलेले पाणी पुढे कुठे पोहोचते, हा असतो. जो साबण रत्नागिरीत उत्तम ठरतो, तोच लातुरात बोअरच्या पाण्यात दह्यासारखा फाटतो. म्हणून येथे आधी पाण्याचा विचार करून मग नेहमीची पावडर, फॉस्फेटमुक्त एंझाइमयुक्त पावडर, वनस्पतीजन्य द्रव, तेलाच्या साबणाची वडी आणि रिठा हे पर्याय शेजारीशेजारी ठेवून पाहिले आहेत.

ज्याला बोलीत आपण ‘जड पाणी’ म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन जल’ म्हणून शिकलो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. दख्खनच्या काळ्या खडकातून बोअरने उपसलेले पाणी बहुधा असे असते, तर जांभ्या दगडाच्या आणि मुबलक पावसाच्या कोकण-गोव्यात, तसेच भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या जलाशयांवर अवलंबून असलेल्या मुंबईत पाणी बरेच मऊ असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. दोन घरांचे ‘पिण्यायोग्य’ पाणी धुण्याच्या दृष्टीने एकमेकांपासून किती दूर असू शकते, हे या दोन आकड्यांवरूनच कळावे. आपले पाणी कोणत्या बाजूचे आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ बाटलीत अर्धे पाणी घ्यावे, त्यात साध्या साबणाचा (डिटर्जंटचा नव्हे) थोडा कीस टाकून जोरात हलवावे. दाट फेस टिकून राहिला तर पाणी मऊ आहे. फेस बसून पांढरा साका तरंगू लागला तर ते जड आहे.

आता मोरीपलीकडचे पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागात दररोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया 20,236 दशलक्ष लिटरवर, म्हणजे साधारण 28 टक्क्यांवर होत होती. उरलेल्या पाण्यासोबत आपला साबण जसाच्या तसा ओढ्यात, नदीत, तलावात उतरतो. पुण्यातली मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमेवर उजनी धरण आहे आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. त्यामुळे पुण्यातल्या बादलीत किती चमचे पावडर पडली, हा प्रश्न पूर्णपणे खासगी राहत नाही. आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी वारंवार पाहिला आहे. त्यात कारखान्यांच्या सांडपाण्याचाही वाटा आहे, हे सांगितले पाहिजे, नाहीतर सगळा दोष धुण्याच्या दगडावर येईल.

नेहमीच्या पावडरीत मुख्य काम करणारा घटक बहुधा ‘लास’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा, खनिज तेलापासून बनवलेला फेसकारक असतो. 1960 च्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेत वापरला जाणारा त्याचा फांद्या असलेल्या रेणूचा प्रकार जिवाणूंना पचत नसे आणि नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहत. त्यानंतर सरळ साखळीचा ‘लास’ आला. हवा मिळाली की तो चांगला विघटित होतो, मात्र प्राणवायू नसलेल्या गाळात तो बराच काळ टिकतो. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुड्यावर छापलेला ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द त्यामुळे जवळपास निरर्थक ठरतो. प्रचलित आंतरराष्ट्रीय चाचणीत 28 दिवसांत ठरावीक प्रमाणात विघटन झाले की पदार्थ ‘सहज विघटनशील’ मानला जातो आणि ती चाचणी साध्या पावडरीतला ‘लास’ही पार करू शकतो. तेव्हा केवळ या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

पावडरीच्या निवडीत फॉस्फेटचा मुद्दा अधिक वजनदार आहे. सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट पाण्यातले क्षार बांधून ठेवते, त्यामुळे जड पाण्यातही धुलाई चांगली होते. धुण्याच्या दृष्टीने तो खरोखर गुणी पदार्थ आहे. पण त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा फॉस्फरस असतो आणि फॉस्फरस हे खत आहे. साचलेल्या पाण्यात ते मिसळले की शेवाळ आणि जलपर्णी फोफावतात, पुढे त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. युरोपीय संघाने 30 जून 2013 पासून घरगुती धुण्याच्या साबणातील फॉस्फरसवर एका ठरावीक धुण्यामागे अर्ध्या ग्रॅमची मर्यादा घातली आणि उत्पादकांनी फॉस्फेटच्या जागी झिओलाइट, सायट्रेट, धुण्याचा सोडा असे पर्याय वापरून ती पाळली. आपल्याकडच्या स्वस्त पावडरींचा भर मुळातच धुण्याच्या सोड्यावर असतो. हा एका अर्थी योगायोगाने घडलेला पर्यावरणस्नेह आहे, पण त्याची किंमत हाताने धुणाऱ्या बाईची बोटे मोजतात, कारण तो सोडा कातडीतला स्निग्धपणा ओढून घेतो.

यावरून दुसऱ्या पर्यायाकडे येता येते: फॉस्फेट नसलेली, झिओलाइट किंवा सायट्रेट असलेली, एंझाइमयुक्त, कमी फेसाची घट्ट पावडर. प्रोटीएज रक्त, दूध, घाम यांतली प्रथिने तोडते, अमायलेज पिठाळ डाग सोडवते आणि लायपेज तेलकटपणा. ही विकरे, म्हणजेच एंझाइमे, जिवाणू किंवा बुरशी यांपासून मिळवलेली असतात, पाण्यात गेल्यावर स्वतःच विघटित होतात आणि मुख्य म्हणजे गार पाण्यातही काम करतात. मशीनमध्ये धुताना विजेचा मोठा हिस्सा पाणी तापवण्यात खर्च होतो; तेव्हा गरम पाण्याचे बटण न दाबता कपडे स्वच्छ निघणे हा लेबलवरच्या कोणत्याही पानाफुलांपेक्षा मोठा फायदा आहे. मात्र प्रोटीएज ज्या ओढीने रक्ताच्या डागाकडे जाते, त्याच ओढीने रेशीम आणि लोकर यांच्याकडेही जाते, कारण तीही प्रथिनेच आहेत. म्हणून पैठणी या पावडरीच्या जवळपासही नेऊ नये.

फेसाबद्दल येथे थोडे थांबावे लागेल. फेस म्हणजे स्वच्छता हे समीकरण आपल्या मनात जाहिरातींनी पक्के केले आहे, पण मळ काढण्याचे काम पाण्यातले रेणू करतात, वरचे बुडबुडे नव्हे. हाताने धुण्याच्या जास्त फेसाच्या पावडरीने धुतलेले कपडे फेस जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून खंगाळावे लागतात. ज्या मराठवाड्यात एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे खंगाळण्याची एक बादली वाचणे हे घटकांच्या यादीइतकेच पर्यावरणाचे काम आहे. कमी फेसाची पावडर फक्त समोरून दार असलेल्या मशीनसाठीच असते असा समज आहे. बादलीतही ती चालते, फक्त डोळ्यांना सवय व्हावी लागते.

‘वनस्पतीजन्य’ द्रव डिटर्जंटचा दावा सहसा असा असतो, की त्यातील फेसकारक नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून बनवलेले आहेत. ते खरे असू शकते आणि तरीही अर्धे असू शकते: ‘एसएलईएस’ या बहुप्रचलित घटकाचा एक भाग तेलबियांचा, तर दुसरा बहुधा खनिज तेलाचा असतो. शर्करा आणि वनस्पती तेल यांपासून बनणारे ग्लुकोसाइड वर्गातील फेसकारक त्या मानाने सौम्य असतात, तेव्हा घटकांच्या यादीत ‘डेसिल ग्लुकोसाइड’ किंवा ‘कोको ग्लुकोसाइड’ वरच्या स्थानी दिसले तर दाव्याला काही आधार आहे असे समजावे. पाम तेलाच्या मळ्यांसाठी इंडोनेशिया-मलेशियातली जंगले तुटली, हेही विसरू नये; ‘वनस्पती’ म्हटले की नदीबरोबर जंगलाचाही हिशेब आला. शिवाय द्रवाचा बराच भाग पाणीच असतो, आणि ते पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून शेकडो किलोमीटर वाहून आणलेले असते. पुन्हा भरण्याच्या पिशव्या प्लास्टिक कमी वापरतात हे खरे, पण अनेक थरांच्या असल्याने भंगारवाला त्या घेत नाही. मऊ पाण्यात, संवेदनशील त्वचा असलेल्या घरात किंवा लहान बाळाच्या कपड्यांसाठी हा पर्याय चांगला आहे. जड पाण्यात मात्र क्षार बांधणारा घटक नसेल तर पांढरे कपडे महिन्या-दोन महिन्यांत करडे दिसू लागतात आणि मग माणूस मात्रा वाढवतो, म्हणजे मूळ हेतूच बुडतो.

डिटर्जंटच्या कागदासारख्या पातळ पत्र्या किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या यांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. बाटली वाचते, वाहतुकीचे वजन घटते, पण त्यांना एकत्र धरणारा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पदर सांडपाण्यात पूर्ण विघटित होतो का यावर वाद आहे, आणि बादलीभर कपड्यांना अर्धी गोळी घालता येत नाही.

तेलाच्या साबणाची वडी हा सर्वांत जुना आणि उगाच दुर्लक्षित राहिलेला पर्याय. खरा साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक यांपासून झालेला क्षार. तो पाण्यात लवकर विघटित होतो, फॉस्फेटची गरज नसते आणि वेष्टन कागदाचे असू शकते. कॉलरवर, बाहीच्या कडेवर वडी घासून ब्रश मारण्यात जी नेमकी मात्रा साधते, ती कोणत्याही मापी टोपणाने साधत नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत हाताने धुणाऱ्यांनी आधी हाच पर्याय पाहावा. घाटावर बोअरच्या पाण्यात मात्र त्याचा साका होतो, कपड्यांवर चिकट थर बसतो आणि निम्मा साबण पाणी मऊ करण्यातच संपतो. एक सावधगिरी अशी, की बाजारातल्या बहुतेक निळ्या-हिरव्या वड्या साबणाच्या नसून डिटर्जंटच्या असतात. वेष्टनावर ‘डिटर्जंट केक’ लिहिले असेल तर ती या परिच्छेदातली वडी नव्हे.

रिठ्याबद्दल लिहिताना पुष्कळांचा विरस होण्याची शक्यता आहे. रिठ्याच्या सालीतले सॅपोनिन फेस देते, रंग उडवत नाही, रेशीम-लोकरीला इजा करत नाही, आणि आजीने पैठणीसाठी व शालींसाठी रिठाच वापरला त्यामागे पक्की समज होती. परंतु रोजच्या कपड्यांतला तेलकट मळ, हळदीचा डाग, शाळेच्या मोज्यांची माती यांसाठी तो दुबळा आहे, आणि निघालेला मळ पुन्हा कपड्यावर बसू नये यासाठी डिटर्जंटमध्ये जी सोय असते, ती त्यात नाही. खात्री करायची असेल तर सारख्याच मळलेल्या दोन पंच्यांपैकी एक रिठ्याच्या पाण्यात आणि दुसरा नुसत्या साध्या पाण्यात तितकाच वेळ भिजवून तितकाच चोळावा. वाळल्यावर फरक किती हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. तो पूर्ण निरुपद्रवी आहे असेही नाही: सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते, आणि अशा वनस्पती ठेचून ओढ्यात टाकून मासे गुंगवण्याची पद्धत अनेक प्रदेशांत होती. ते लवकर विघटित होते म्हणून नदीला फारसा धोका नाही, पण रिठ्याचे पाणी कमळाच्या कुंडीत ओतू नये.

लिंबू-संत्र्यांच्या साली, गूळ आणि पाणी यांपासून तीन महिन्यांत घरी बनवतात त्या ‘बायोएंझाइम’ची चर्चा सध्या खूप आहे. ते मुख्यतः आंबट, आम्लधर्मी द्रावण असते. फरशी, सिंक, नळावरचे क्षारांचे डाग यांसाठी ते छानच, पण कपड्यांचा तेलकट मळ काढण्याची ताकद त्यात थोडी, आणि साबणाच्या पाण्यातच ते मिसळले तर आम्लामुळे साबणच फुटतो.

धुण्याचे पाणी परसात किंवा गच्चीवरच्या झाडांना घालणाऱ्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पावडरीतला सोडा आणि पोकळ भर म्हणून घातलेले सोडियम सल्फेट यांमुळे पाण्यात सोडियम वाढते, आणि काळ्या मातीत सोडियम साठत गेले की मातीची घडण मोडते, ती ओली असताना चिखल आणि सुकली की दगड होते. अशा घरांनी पावडरीऐवजी द्रव घ्यावा, शक्य असेल तर पोटॅशियमयुक्त साबणाचा, बोरॉन असलेली उत्पादने टाळावीत आणि केवळ शेवटच्या खंगाळणीचे पाणी झाडांना द्यावे.

दाव्यांची शहानिशा करायची असेल तर ‘इको-मार्क’ पाहावा. मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली ही योजना 1991 पासून आहे आणि तिचे नवे नियम 2024 मध्ये आले. प्रत्यक्षात हे चिन्ह दुकानात क्वचितच भेटते. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत, त्यामुळे ‘हे निसर्गस्नेही कशाच्या आधारावर?’ असे उत्पादकाला लिहून विचारणे आता केवळ चिकित्सकपणा राहिलेला नाही.

किमतीची तुलना पुड्याच्या नव्हे तर धुण्याच्या हिशेबाने करावी. एका लिटरच्या बाटलीतून 60 मिलिलिटरप्रमाणे जेमतेम 16 धुणी होतात आणि 30 मिलिलिटरप्रमाणे 33. मऊ पाण्यात, रोज बदललेल्या साध्या कपड्यांना पुड्यावर सांगितलेल्या मात्रेच्या अर्ध्यापासून सुरुवात करून पाहावी. घामाचा वास राहिला तर थोडी वाढवावी. माझे स्वतःचे मत विचाराल तर जड पाण्याच्या घरात फॉस्फेटमुक्त एंझाइमयुक्त पावडर, तीही कागदी खोक्यातली. मऊ पाण्यात हाताने धुणाऱ्यांना तेलाच्या साबणाची वडी आणि मशीनवाल्यांना ग्लुकोसाइडचा द्रव. झाडांना पाणी देणाऱ्यांनाही तोच द्रव. आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात पैठणीसाठी मूठभर रिठे.