हमटा पास: बावीस जणांच्या गटातून पाच दिवस

यंदा जूनच्या अखेरच्या आठवड्यात मी मनालीहून निघणारा हमटा पासचा पाच दिवसांचा ट्रेक एका व्यावसायिक संस्थेच्या गटातून केला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडणार आहे त्या एकट्या तिच्या नाहीत. दुसऱ्या मुक्कामी, बालू का घेरा येथे, आणखी तीन संस्थांचे तंबू लागले होते आणि पाण्याच्या धारेवर बाटल्या भरताना त्यांच्या लोकांकडूनही थोड्याफार फरकाने तेच ऐकायला मिळाले. मी ५३ वर्षांची आहे, पुण्यात राहते, दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढते आणि सह्याद्रीत माझी बरीच भटकंती झालेली आहे. हिमालयात मात्र ही पहिलीच खेप होती, आणि बरोबर यायला कोणाचीच रजा जुळत नसल्याने अनोळखी गटाशिवाय दुसरा पर्यायही नव्हता.

शुल्क साडेअकरा हजार रुपये आणि त्यावर पाच टक्के जीएसटी. त्यात मनालीपासूनचे जेवण, तंबू, स्लीपिंग बॅग, परवाने, एक ट्रेक लीडर आणि दोन स्थानिक वाटाडे येतात. पुणे ते मनाली हा प्रवास, परतीच्या गाड्यांचे भाडे आणि सॅक खेचरावर देण्याचे पैसे वेगळे. खेचरावर द्यायच्या सॅकला नऊ किलोंची मर्यादा आहे आणि पायवाट जिथून सुरू होते त्या जोब्रा येथे ताणकाट्याला अडकवून ती खरोखरच तोलली जाते, त्यामुळे घरून निघताना ‘असू दे’ म्हणून कोंबलेल्या वस्तू तिथे गाडीतच ठेवाव्या लागतात. माझी दोन पुस्तके आणि थर्मास असेच मागे राहिले.

हमटा पासला इतकी गर्दी का होते, ते चालल्याशिवाय कळत नाही. मनालीहून प्रीणी गावावरून वळणावळणांचा रस्ता जोब्र्यापर्यंत जातो आणि तिथून देवदार, मेपल आणि भूर्जाच्या झाडीतून पायवाट सुरू होते. पहिला मुक्काम चिका येथे, सुमारे ३,१०० मीटरवर. दुसरा बालू का घेरा येथे, सुमारे ३,६०० मीटरवर. तिसऱ्या दिवशी ४,२७० मीटरच्या आसपासची हमटा खिंड ओलांडून पलीकडे सियागोरूला उतरायचे. ही खिंड पीर पंजाल रांगेत आहे आणि पावसाळी ढग बहुतेक याच रांगेला अडतात, म्हणून अलीकडे कुल्लूच्या बाजूला हिरवे गवत, रानफुले आणि चिखल, तर पलीकडे लाहौलच्या बाजूला तपकिरी, उघडेबोडके, दगडमातीचे डोंगर, असा बदल एका दिवसात, किंबहुना एका तासात दिसतो. गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात आपले कळप याच वाटेने लाहौलच्या कुरणांकडे नेतात, आणि आमच्या वाटेतही दोनदा मेंढ्यांना जागा देण्यासाठी सगळ्यांना कडेला उभे राहावे लागले. वाटेबद्दल तक्रारीला जागाच नाही.

तक्रार सुरू होते ती जाहिरातीतल्या ‘सोपा ते मध्यम’ या शब्दांपासून. चार हजार मीटरवरचा कोणताही ट्रेक, रोज समुद्रसपाटीजवळ किंवा पुण्याच्या उंचीवर राहणाऱ्या माणसासाठी, सोपा नसतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे आपल्याकडचा कसलेला भटक्यासुद्धा या उंचीला सर्वस्वी नवखाच असतो. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो आणि पायांत कितीही ताकद असली तरी शरीराला त्याची सवय व्हायला जो वेळ लागतो तो लागतोच. नोंदणी करताना पाच किलोमीटर ३५ मिनिटांत धावल्याचा पुरावा मागितला होता, तो मी दोन महिन्यांच्या सरावानंतर इमानेइतबारे पाठवला. पण तो कोणी पाहिला असेल असे वाटत नाही, कारण आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाच्या धावण्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता आणि चिक्याच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनीच तो किस्सा हसत हसत सांगितला. हे गृहस्थ पुढे प्रत्येक दिवशी गटाच्या दीड तास मागे राहिले, आणि शेवटी चालणारा वाटाड्या, ज्याला सगळे ‘स्वीपर’ म्हणतात, तो पाचही दिवस जणू त्यांचा खाजगी सेवक झाला. बावीस जणांमागे तीन माणसे हे प्रमाण कागदावर ठीक दिसते. एक माणूस असा गुंतला की उरलेल्या एकवीस जणांमागे दोनच राहतात.

मात्र या तिघांतला लीडर असा होता की त्याच्यासाठी हे शुल्क दुप्पट असते तरी मी दिले असते. पंचविशीतला, उत्तराखंडातला मुलगा. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतून त्याने बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स असे दोन्ही अभ्यासक्रम केलेले होते. सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर लावून प्रत्येकाच्या कार्डावर आकडे लिहिणे हे आता सगळ्याच संस्था करतात. हा मुलगा त्या आकड्यांइतकेच लक्ष ताटांकडे देत असे. जेवणाच्या तंबूत तो स्वतः शेवटी जेवायला बसे आणि भांडी घासायच्या टोपल्याशेजारी उभा राहून कोणाच्या ताटात काय उरले आहे ते बघे. सुरुवातीला मला तो अन्नाच्या नासाडीबद्दल जागरूक वाटला. नंतर त्याने समजावून सांगितले की उंचीचा त्रास सुरू होताना डोकेदुखीबरोबर बहुधा भूक मरते, आणि डोके दुखत असल्याचे लोक लपवतात, पण ताट लपवता येत नाही.

नेमके तेच बालू का घेरा येथे घडले. गटातला सर्वांत तगडा चालणारा, मुंबईचा अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण, मॅरेथॉन धावणारा, दोन्ही दिवस सगळ्यांच्या पुढे होता. चिक्याला रात्री त्याने अर्धे ताट टाकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या मुक्कामी पोहोचल्यावर सूपही नको म्हणाला. लीडरने त्याला बाजूला घेतले. बालू म्हणजे वाळू. नदीने आणून पसरलेल्या बारीक वाळूचे ते सपाट पटांगण आहे. लीडरने ट्रेकिंगच्या काठीने त्या वाळूत दहा-बारा फुटांची सरळ रेघ ओढली आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत तिच्यावरून चालायला सांगितले. तरुण सरळ चालला, तोल गेला नाही, आणि ‘बघा, मी ठीक आहे’ अशा चेहऱ्याने मागे वळला. मग हळूच विचारल्यावर त्याने कबूल केले की सकाळपासून दोनदा उलटी झाली आहे आणि डोके ठणकत आहे. तासाभरात लीडरने निर्णय सांगितला: आज रात्री इथे झोपायचे नाही, आत्ताच खाली जायचे. तरुणाने विनवण्या केल्या, पैशांचा विषय काढला, गटातल्या दोघा-तिघांनी ‘एक रात्र बघू या’ म्हणून त्याची बाजूही घेतली. लीडरचा आवाज एकदाही चढला नाही आणि निर्णयही बदलला नाही. रेघेवर तोल गेला असता तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यावी लागली असती, ती वेळ येण्याआधीच उतरवणे हाच उपाय, असे त्याने आम्हा सर्वांना बसवून सांगितले. उन्हाने बर्फ वितळत असल्याने जोब्र्याकडच्या वाटेवरचा जवाराचा ओढा संध्याकाळी फुगलेला असतो, म्हणून बरोबर दोन माणसे आणि दोर दिला. रात्री साडेनऊला वॉकीटॉकीवर निरोप आला की ते गाडीपर्यंत पोहोचले आहेत आणि मुलाने बिस्किटे मागितली आहेत.

खिंडीचा दिवस नऊ तासांचा झाला. त्यावर फार लिहीत नाही, कारण चढावर मला पुढच्या माणसाच्या टाचांखेरीज काही दिसले नाही. वर पोहोचल्यावर ६,२२१ मीटरच्या इंद्रासन शिखराचा उभा कडा इतका जवळ वाटला की कोणीच काही बोलले नाही, आणि तेवढ्यात ढगांनी तो झाकला. पलीकडचा उतार जूनमध्ये कडक बर्फाचा असतो. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक दिले होते, ते माझ्या बुटांना सैल होत असल्याने लीडरने सुतळीने बांधून दिले. दुसऱ्या सकाळी सियागोरूचा ओढा ओलांडण्यासाठी पहाटेच निघण्याचे कारणही तेच वितळते बर्फ. रात्रीच्या थंडीने पाणी कमी झालेले असते, दुपारी त्याच ठिकाणी कमरेइतके येऊ शकते. बूट गळ्यात, सँडल पायात, एकमेकांचे हात घट्ट धरलेले, आणि गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात तिघे जण पाय रोवून उभे. आम्ही बावीसचे एकवीस झालो होतो. सगळे पार होईपर्यंत ते तिघे पाण्यातून हलले नाहीत. माझ्या पायांना पंधरा मिनिटे काही जाणवत नव्हते, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करवत नाही.

जेवण उत्तम होते आणि त्यात कुठेही हात आखडता घेतलेला नव्हता. बालू का घेरा येथे पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजणे कठीण, पण स्वयंपाक्याने रोज गरम डाळ, भात, दोन भाज्या आणि एक गोड पदार्थ दिला. खिंडीच्या दिवशीचा डबा मात्र निराशाजनक होता: गार पराठा आणि उकडलेला बटाटा, जो त्या थंडीत गिळवत नव्हता. त्या दिवशी आमच्यातल्या सात मराठी लोकांना कोल्हापूरच्या एका मुलीने आणलेल्या भडंगाने आणि माझ्या डिंकाच्या लाडवांनी तारले. तंबू तिघांत एक, स्वच्छ, पण दिलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये अस्तराची चादर नव्हती आणि माझ्या बॅगेची चेन अर्ध्यातच अडकत होती. भाड्याने घेतलेल्या जॅकेटांचा तर मनालीत आनंदच होता. महिनाभर आधी माप कळवून पैसे भरलेल्या तिघींना तिथे एकाच मापाची, पुरुषांची जॅकेटे मिळाली. ज्यांना शक्य असेल त्यांनी बूट आणि जॅकेट घरूनच न्यावे.

शौचालयांबद्दल सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. खड्डा खणून त्यावर उभा अरुंद तंबू, शेजारी मातीचा ढीग आणि छोटे फावडे, अशी व्यवस्था असते आणि ती वाईट नाही. पण बावीस लोकांना असे दोनच तंबू होते, दोन्ही स्त्री-पुरुषांना सामाईक, आणि पहाटे निघायच्या दिवशी त्यांच्यापुढे रांग लागत असे. माती टाकायची सूचना पाळणारे थोडेच. पहिल्याच संध्याकाळी लीडरने याबद्दल स्पष्ट बोलायला हवे होते. तेवढ्या एका विषयावर तो लाजला.

शेवटचा मुद्दा चंद्रतालचा. पायवाट जिथे संपते त्या छत्रूला उतरल्यावर दुपारी गाड्यांनी चंद्रतालला जाऊन तलाव पाहायचा असा कार्यक्रम होता. सुमारे ४,२५० मीटरवरचा हा तलाव २००५ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र आहे आणि संस्थेच्या जाहिरातीत खिंडीपेक्षा त्याचेच छायाचित्र मोठे आहे. आम्ही छत्रूच्या ढाब्यात राजमा-चावल खात असताना समोरून आलेल्या चालकांनी सांगितले की बातलच्या अलीकडे एक नाला रस्त्यावरून वाहतो आहे आणि एक गाडी त्यात रुतली आहे. लीडरने जाणे रद्द केले. गटात बरीच नाराजी झाली, पण २०२३ च्या जुलैत याच चंद्रतालच्या परिसरात सुमारे ३०० पर्यटक काही दिवस अडकून पडले होते आणि त्यांना मोठ्या कष्टाने बाहेर काढावे लागले होते, हे आठवणाऱ्या कोणालाही त्याचा निर्णय पटावा. आम्ही ग्रांफू आणि कोकसर मार्गे अटल बोगद्यातून त्याच संध्याकाळी मनालीला परतलो. माझा आक्षेप निर्णयाला नाही, विक्रीला आहे. ‘चंद्रताल रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून’ हे वाक्य अटींच्या चौदाव्या कलमात, आणि तलाव मात्र मुखपृष्ठावर. निसर्गाला कोणी बांधून घेऊ शकत नाही हे मान्य. मग जाहिरातीतही ते बांधून दिल्यासारखे दाखवू नये.

परत आल्यावर मी कार्यालयाला सविस्तर ईमेल पाठवले. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर उत्तर आले आणि चंद्रतालच्या बदल्यात पुढच्या ट्रेकसाठी बाराशे रुपयांची सवलत मिळाली. खाली पाठवलेल्या तरुणाला मात्र काहीच मिळाले नाही, असे त्याने गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले आहे. पुढच्या जूनपर्यंत मुदत असलेली ती सवलत वापरावी म्हणून मी सप्टेंबरातल्या एका ट्रेकची चौकशी केली आणि हाच लीडर मिळेल का, एवढा एकच प्रश्न विचारला. लीडरचे नाव निघण्याच्या दोन दिवस आधी ठरते आणि त्यात ग्राहकाच्या पसंतीचा विचार करता येत नाही, असे दूरध्वनीवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले. मी अजून पैसे भरलेले नाहीत.