कुंभारगावची होडीफेरी : तीन हिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या हौशी माणसाला सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘लेन्स कोणती?’ गेल्या तीन हिवाळ्यांत उजनीच्या फुगवट्यावर पाच वेळा जाऊन आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, तिथे लेन्सच्या आधी होडी कोणाची हे विचारायला हवे. मी पुण्यात बँकेत नोकरी करतो, त्यामुळे कॅमेरा हातात येतो तो रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी पहाटे अंथरूण सोडणाऱ्या असंख्य हौशींपैकी मी एक आहे, आणि कुंभारगावच्या काठावरून मिळणाऱ्या होडीच्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय त्याच नात्याने लिहीत आहे. नावाड्यांची नावे मुद्दाम देत नाही. एकाविषयी तक्रार आहे, आणि दुसऱ्याकडे माझ्यामुळे झुंबड उडाली तर पुढच्या वर्षी मलाच होडी मिळायची नाही.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भीमा नदीवरचे उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात असून ते १९८० साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे पसरत पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवणपर्यंत आणि त्याही पलीकडे आले आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते आणि ते ओलांडून पुढे गेल्यावर डाव्या हाताला कुंभारगावचा फाटा आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पुण्यातून पहाटे चारला निघणे भाग असते. या दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असल्यामुळे उसाने शिगोशीग भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या जोडट्रॉल्या अंधारात अचानक समोर उभ्या राहतात. ट्रॅक्टरवर लावलेली गाणी दुरून ऐकू येतात, हाच काय तो इशारा. सहलीतला सगळ्यात धोक्याचा भाग पाण्यावर नसून पाटस ते भिगवण या पट्ट्यात आहे, असे मी घरी सांगत असतो. अर्थात त्याने घरच्यांचे समाधान होत नाही.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही चौघे गेलो आणि काठावर जो नावाडी पहिल्यांदा भेटला त्याच्याच होडीत बसलो. माणूस बोलायला गोड आणि उत्साही होता. दहा मिनिटांत त्याने आम्हाला रोहित पक्ष्यांच्या थव्यासमोर आणले आणि इंजिन चालूच ठेवून होडी सरळ थव्याच्या रोखाने नेली. दोनेकशे पक्षी एकदम पाण्यावरून धावत सुटले. रोहितला जागच्या जागी उडता येत नाही. त्याला पाण्यावर लांबवर पावले टाकत धावावे लागते आणि मग पंख उघडून तो वर उठतो. त्या वेळी पंखांखालचा गर्द गुलाबी आणि काळा रंग झळकतो, म्हणून ते दृश्य सगळ्यांनाच हवे असते. मलाही हवे होते. ‘दादा, अजून थोडं पुढं घ्या,’ असे ओरडणारा त्या होडीत मीच होतो, हे इथे कबूल केले पाहिजे. नाहीतर सगळा दोष नावाड्याच्या माथी मारल्यासारखे होईल.

घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा साडेचारशे छायाचित्रांपैकी जवळजवळ सगळी पाठमोऱ्या पक्ष्यांची निघाली. होडी मागून येत असेल तर पक्षी समोरून कसा दिसणार? इंजिनाच्या थरथरीमुळे निम्मी चित्रे हलली होती आणि नावाड्याने सूर्य कुठे आहे याचा विचारच न केल्यामुळे उरलेल्यांतली बरीचशी काळवंडली होती. त्याहून वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. हे काम शांतपणे, तासन् तास चालणारे आहे. आमच्यासारख्या दहा होड्यांनी सकाळभर त्याला उठवत राहायचे म्हणजे त्याच्या पुढ्यातले ताट दहा वेळा ओढून घेण्यासारखे आहे. त्याच फेरीत नावाड्याने खिशातून फरसाणाची पुडी काढून कुरव पक्ष्यांना दाखवली आणि डोक्यावर पांढऱ्या पंखांचा गलका उडवून दिला. आमच्यातल्या दोघांना ती फेरी अतिशय आवडली, हेही नोंदवतो. बाराशे रुपयांत दीड तास असे ठरले होते आणि एक तास पाच मिनिटांत आम्ही काठावर परतलो होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याने दुसरा नावाडी सुचवला आणि त्यानंतरच्या चारही खेपा मी त्याच्याच होडीतून गेलो आहे. वयाने पस्तिशी-चाळिशीचा, मुळातला मासेमार, बोलणे मोजके. होडी काठावरून सुटताना त्याने पहिला प्रश्न विचारला तो ‘कुठले पक्षी पाहायचेत’ हा नव्हता. ‘कॅमेरे किती जणांकडं आहेत आणि कुठल्या बाजूला बसणार?’ हा होता. कारण साधे होते. ऊन पाठीशी ठेवायचे तर होडी कोणत्या अंगाने न्यायची आणि आम्ही कोणत्या कडेला बसायचे हे त्याला आधी ठरवायचे होते. थवा बराच दूर असतानाच त्याने इंजिन बंद केले, लांब बांबू काढला आणि तळाच्या चिखलात रोवत होडी तिरकी, अगदी सावकाश पुढे ढकलू लागला. थव्याच्या कडेच्या दोन-तीन पक्ष्यांनी माना वर केल्या, तसा त्याचा हात थांबला. ‘आता हितंच. मान वर केली म्हंजे त्यानं आपल्याला बघितलं. अजून गेलो तर चालायला लागतील.’

मग आम्ही तिथे पंचवीस मिनिटे नुसते बसून राहिलो. पाण्यावर धुके होते आणि त्या धुक्यात कॅमेऱ्याचे स्वयंचलित फोकस चाचपडत होते, त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटे माझ्या दृष्टीने वायाच गेली. पण इंजिन थांबल्यावर जे ऐकू येते ते मी आधी कधी ऐकले नव्हते: शेकडो चोचींचा पाण्यातला बारीक चुळबुळता आवाज, आणि त्यावर बदकांच्या घोगऱ्या आवाजाला शोभेलसे रोहितचे बोलणे. रंगाने एवढा नाजूक पक्षी आवाजाने इतका ओबडधोबड असेल असे वाटत नाही. हळूहळू माना खाली गेल्या. चरत चरत थव्याची एक कड आपणहून आमच्याकडे सरकली, इतकी की एका मळकट करड्या पिल्लाच्या चोचीवरून निथळणारे पाण्याचे थेंब लेन्समधून मोजता आले असते. त्या दिवशी एकशे दहाच चित्रे काढली आणि त्यांतली चाळीस ठेवण्यासारखी निघाली. माझ्यासारख्याच्या हिशेबात हे प्रमाण फार मोठे आहे.

त्या शांततेतच त्याने होडीच्या कडेवरून खाली बोट दाखवून सांगितले, ‘हितं खाली आमच्या आजोबांची विहीर हाय.’ मी वाकून पाहिले. अर्थात हिरवट पाण्याशिवाय काहीच दिसले नाही. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांबद्दल आपण वाचलेले असते. पळसदेवचे जुने मंदिर पाणी फार ओसरल्यावर उघडे पडते, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, तीही आपण पाहतो. पण कोणाच्या तरी शेतावर तरंगत आपण पट्टकदंब नावाच्या हंसांची वाट पाहत आहोत, ही जाणीव मला तोवर झाली नव्हती. हा माणूस तळ कुठे उथळ आहे हे इतके अचूक कसे ओळखतो, याचेही उत्तर त्या एका वाक्यात मिळाले.

साधनांविषयी थोडेसे, कारण विचारणारे असतातच. माझ्याकडे निकॉनचा डी ७५०० आणि त्याच कंपनीची २०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स आहे. ही लेन्स सुमारे २.३ किलो वजनाची आहे आणि दोन तास हातात धरली की खांदा त्याची आठवण सोमवारी कार्यालयातही करून देतो. होडीत तिपाईचा (ट्रायपॉडचा) उपयोग नाही, कारण होडीचे प्रत्येक हलणे तिच्या पायांतून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. त्याऐवजी जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून तीत दोन किलो तांदूळ भरले आणि ती होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतो. (हे तांदूळ घरातल्या डब्यातले होते, हा वेगळा विषय.) उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवावा. काळसर पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि पिसांतला तपशील पार धुऊन निघतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, अर्धा-पाऊण ‘स्टॉप’ कमी करावे लागते. साडेनऊनंतर पाणी तापू लागले की हवा थरथरते आणि मग कितीही महागडी लेन्स असली तरी दूरचा पक्षी लोण्यातून कोरल्यासारखा मऊ दिसतो. माझ्या नावाड्याला हे तंत्र ठाऊक नाही, पण ‘नवानंतर फोटो गढूळ येतात’ असे तो स्वतःहून सांगतो.

आता उणिवा. माझ्या या आवडत्या नावाड्याच्या होडीतही पहिल्या खेपेला जीवरक्षक जॅकेटे पुढच्या टोकाला ढिगाने पडलेली होती आणि मी मागितल्याशिवाय त्याने ती दिली नाहीत. मे २०२४ मध्ये याच जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याने आम्ही बसण्याआधीच जॅकेटे हातात दिली. मात्र त्यांपैकी एकाचा पट्टा तुटलेला होता. तो बदलून घेतल्याशिवाय होडीत पाय ठेवला नाही, आणि इतरांनीही ठेवू नये. थंडीतले पाणी शांत दिसते खरे, पण कॅमेऱ्याला डोळा लावलेला माणूस सगळ्यात आधी तोल सोडतो.

काठावर स्वच्छतागृहाची सोय तोकडी आहे. बरोबर स्त्रिया किंवा वयस्कर मंडळी असतील तर महामार्गावरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात थांबूनच पुढे जावे. जेवण मात्र नावाड्याच्या घरी आधी सांगून ठेवले तर मिळते आणि ते चुकवू नये. उजनीची चिलापी मासळी तळलेली, झणझणीत रस्सा, चुलीवरची बाजरीची भाकरी आणि हाताने फोडलेला कांदा. आमच्यातल्या एका शाकाहारी मित्राला त्याच घरात पिठले आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली, आणि ते पिठले पाहून आम्ही तिघांनीही ताटे पुढे केली. दोन तासांच्या फेरीचे यंदा त्याने पंधराशे घेतले. मी घासाघीस केली नाही. जो माणूस होडी पुढे न नेण्याचे पैसे घेतो त्याच्याशी घासाघीस करणे बरे दिसत नाही.

दुपारी वेळ उरला तर जवळच्या कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा दिसतात, पण त्यासाठी स्थानिक वाटाड्या आणि वेगळा दिवस राखलेला बरा. सकाळचे पाणी आणि दुपारचा माळ एकाच दिवसात उरकणाऱ्यांच्या पदरात बहुधा फक्त धूळ पडते.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. पाऊस चांगला झाला आणि धरण काठोकाठ भरले की उथळ चिखलाचे काठ पाण्याखाली राहतात आणि लांब पायांच्या रोहितलाही चरायला जागा उरत नाही. पाणी उतरू लागले की काठ उघडे पडतात आणि थवे येतात. त्यामुळे नाताळची सुटी आहे म्हणून रोहित हजर असतीलच असे नाही. पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, शेकाटे, कुरव हे बरेचसे आधी भेटतात; गुलाबी थव्यासाठी काही वर्षी फेब्रुवारीपर्यंत कळ काढावी लागते.

परवा याच कारणाने मी त्या नावाड्याला फोन करून येत्या रविवारची होडी सांगून ठेवायला निघालो होतो. पलीकडून बराच वेळ इंजिनाचा आवाज येत राहिला, मग तो थांबला आणि त्याने विचारले, ‘साहेब, रोहितसाठीच येणार ना? मग आत्ता नका येऊ. पाणी अजून वर हाय. पंधरा दिवस थांबा, मीच फोन करतो.’ मी रविवार मोकळा ठेवला आहे, गाडीत पेट्रोल भरले आहे आणि तांदळाची पिशवी दाराशी टांगलेली आहे. त्याचा फोन अजून आलेला नाही.