गाडी धावत होती, पण रुळांत वीज नव्हती

जून २०२४ मध्ये मी लेगोच्या जुन्या ९ व्होल्ट रेल्वेचं बरंच सामान एका ऑनलाइन जाहिरातीवरून विकत घेतलं आणि ३८० युरो घालवून बसलो. पैशांपेक्षा जास्त लागलं ते असं की, चार घरांतली मुलं उन्हाळाभर जे बांधत होती, ते यामुळे अर्धंच उभं राहिलं. जुनी लेगो रेल्वे जमवणारी मराठी माणसं मला इथे जर्मनीत भेटली आहेत, पुण्यातही आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी हाच माणूस किंवा याच्यासारखा दुसरा भेटेल, म्हणून जे घडलं ते सगळं लिहितो आहे.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या वर्षी आरास मुलांनी करायची ठरली होती. मी लहानपणी कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं होतं. तिथले दिवे, सिग्नल, एकाच वेळी फिरणाऱ्या गाड्या अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हा मीच सुचवलं, बोरघाट करूया. १८६३ साली रेल्वेसाठी खुला झालेला घाट, कर्जत, पळसदरी, खंडाळा, लोणावळा. चार घरं, चार स्टेशनं. प्रत्येक घराने ४८ बाय ४८ स्टडच्या (स्टड म्हणजे लेगोवरचे गोल उंचवटे) दोन पाट्या सजवायच्या. अशी एक पाटी ३८.४ सेंटिमीटरची होते आणि तिच्यावर १६ स्टडचे तीन सरळ रूळ बरोबर बसतात. रूळ पाटीच्या कडेपासून किती अंतरावर जाणार आणि कडेला नेमका कुठे संपणार, एवढं सगळ्यांनी पाळलं की घरी बांधलेल्या पाट्या हॉलमध्ये आणून नुसत्या एकमेकींना लावायच्या. पोरांना हे फार आवडलं. कर्जत बांधणाऱ्या मुलीला तर वेगळाच ध्यास लागला होता. घाट चढताना कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं लावतात, हे तिने आजोबांकडून ऐकलं होतं. तिला तिच्या स्टेशनवर बँकर हवं होतं.

जुनीच रेल्वे कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. लेगोच्या आजच्या गाड्या बॅटरीवर चालतात. आत सहा बारीक सेल घालायचे, आणि दिवसभर गाडी चालवायची तर ते पुन्हा पुन्हा बदलत बसायचे. १९९१ मध्ये आलेल्या ९ व्होल्टच्या रुळांवर मात्र धातूची पातळ पट्टी असते. एका बाजूच्या पट्टीतून वीज येते, दुसऱ्या बाजूच्या पट्टीतून परत जाते, मोटारीची धातूची चाकं ती उचलतात. रुळांना वीज देणाऱ्या रेग्युलेटरची चकती फिरवून ठेवली की सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या आरतीपर्यंत गाडी फिरत राहते. शिवाय त्याच रुळांवर पुढे एक आणि मागे एक मोटार ठेवली तर दोन्ही एकाच दिशेने, एकाच व्होल्टेजवर चालतात. म्हणजे बँकर अगदी सहज जमतं. पंधराएक वर्षांनी कंपनीने ही पद्धत बंद केली, त्यामुळे आता सगळं सेकंडहँड बाजारात शोधावं लागतं.

मला दोन मार्गांसाठी आणि एका सायडिंगसाठी ६४ सरळ रूळ, ३२ वक्र, गाडीचा मार्ग बदलणारे सांधे चार आणि मोटारी तीन लागणार होत्या. जाहिरातीत नेमकं तेवढंच होतं, वर दोन रेग्युलेटर. हे सगळं सुटं सुटं घेतलं असतं तर मला पाचशेच्या वर पडलं असतं. ३८० मध्ये मिळतंय हे पाहूनच मी थबकायला हवं होतं. पण त्या माणसाने लिहिलेलं वाचून माझा विश्वास बसला. वडील गेले, हा त्यांचा छंद होता, माझ्या फ्लॅटमध्ये जागा नाही, भंगारात टाकवत नाही, जो खरंच चालवेल त्याला द्यायचंय. मी त्याला गणपतीचं, मुलांचं, बँकरचं सगळं सांगितलं. पुढच्याच संदेशात त्याने मुलांची चौकशी केली.

मी दोन गोष्टी मागितल्या होत्या, रूळ जवळून दिसतील असे फोटो आणि गाडी चालते असा व्हिडिओ. दोन्ही आलं. फोटोत खोक्यात ओळीने रचलेले रूळ, वर चकाकणारी पट्टी. व्हिडिओत एक हिरवं इंजिन दोन डबे घेऊन लंबगोल रुळावर तीन फेऱ्या मारतं. मी तो घरी सगळ्यांना दाखवला.

मग तो म्हणाला, पैसे मित्र-नातेवाइकांना पाठवण्याच्या पर्यायाने पाठवा, नाहीतर माझे पैसे फीमध्ये जातात. मी पाठवले.

खोकं आलं तेव्हा सगळ्यात वरचा थर धातूचा होता. त्याखाली नुसतं प्लॅस्टिक. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २००६ मध्ये लेगोने रिमोटची गाडी आणली, तिचे रूळ पूर्ण प्लॅस्टिकचे आहेत. ९ व्होल्टचे शेवटच्या वर्षांतले रूळ आणि हे रूळ, दोन्हींचा रंग तोच गडद निळसर करडा, आकार तोच, दोन्ही एकमेकांत चपखल बसतात. शेजारी ठेवून वरून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही, आणि रचलेल्या ढिगात खालचे रूळ दिसतच नाहीत. ६४ सरळ रुळांपैकी १४ धातूचे निघाले. ३२ वक्रांपैकी १६. सांधे चारही प्लॅस्टिकचे.

तीन मोटारींपैकी एकच नीट चालली. एक गप्प. तिसरी दोन मिनिटं चालायची आणि थांबायची, थंड झाली की पुन्हा दोन मिनिटं. या मोटारीत जास्त करंट ओढला गेला की वीज तोडणारं संरक्षण असतं. झिजलेली मोटार तापते, ते तोडतं, आणि विकणारा व्हिडिओत पहिली दोन मिनिटं दाखवू शकतो.

रेग्युलेटरचं आठवताना अजून अंगावर काटा येतो. दोनपैकी एकाचा अडॅप्टर अमेरिकेतला होता. पाठीवर स्पष्ट १२० व्होल्ट छापलेलं, आणि चपट्या पिनांवर त्याने स्वस्तातला कन्व्हर्टर बसवून पाठवला होता. कन्व्हर्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आमच्या भिंतीत २३० आहे. माझ्या मुलीने तो प्लगमध्ये घालायला हातात घेतला होता. मी सहज उलटा करून पाहिला म्हणून वाचलो. अडॅप्टर जळाला असता, कदाचित खोलीही. भारतातही २३० व्होल्टच आहे, तेव्हा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून जुना सेट आणवणाऱ्यांनी हे आधी पाहा.

पण मग व्हिडिओत गाडी धावली कशी? त्या रात्री मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. इंजिनामागचा पहिला डबा चारही बाजूंनी बंद होता, आणि इंजिनातून एक काळी वायर त्या डब्यात जात होती. आत बॅटरीचा डबा होता. नंतरच्या काळातली बॅटरीवाली मोटार जुन्या दिसणाऱ्या इंजिनाखाली बसवली होती. तिला रुळांतली वीज लागतच नाही, ती प्लॅस्टिकवरही तशीच पळते. चित्रात रेग्युलेटर कुठेच नव्हता, रुळाच्या कडेला वीज देणारी वायरही टोचलेली नव्हती. मी गाडीकडे पाहत राहिलो आणि रुळांकडे पाहिलंच नाही. हे करायला जुनी रेल्वे नीट माहीत असावी लागते. हा माणूस अनाडी वारस नव्हता. तो आमच्यातलाच होता, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

त्याला लिहिलं तर उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी त्याचं खातंच गायब झालं. पैसे पाठवणाऱ्या सेवेने कळवलं की मित्र-नातेवाइकांच्या पर्यायावर खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, संदेश, व्हिडिओ सगळं जोडलं. स्क्रीनशॉट मी पैसे देण्याआधीच काढले होते, ही एकच गोष्ट मी नीट केली. जाहिरात काढून टाकल्यावर आपल्या हातात दुसरं काही उरत नाही.

आता मी जुनं सामान हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेत नाही. खिशात छोटा मल्टिमीटर असतो, आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दोन वायरींसह. प्रत्येक रुळाच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा, नुसती पट्टी पाहून थांबायचं नाही, कारण टोकाची धातूची जीभ वाकलेली किंवा काळवंडलेली असेल तर एका रुळापासून पुढे वीज जात नाही. मोटारीच्या एका बाजूच्या चाकाला एक वायर, दुसऱ्या बाजूच्या चाकाला दुसरी. ती फिरली पाहिजे. मग जड डबे लावून निदान दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगायचं. दुरून घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला सांगा, रेग्युलेटर, वायर आणि गाडी एकाच चित्रात दाखव, न थांबवता चकती फिरवून गाडी मागे आण. आणि प्रत्येक रूळ वेगळा मांडून फोटो माग. प्रामाणिक माणूस कुरकुर करेल, पण पाठवेल. मला नंतर एका आजोबांनी पाठवले, सगळेच्या सगळे, टेबलावर कॅलेंडरसारखे मांडून.

पण ते गणपतीनंतर. ७ सप्टेंबरला आमच्याकडे १६ वक्र आणि १४ सरळ रूळ होते. म्हणजे एक बंद वर्तुळ, मध्ये ताणलेलं, दोन्ही बाजूंना सात-सात रूळ. मध्येच प्लॅस्टिकचा तुकडा घालून चालत नाही, मोटार त्यावर आली की जागीच थांबते. त्या लंबगोलावर दोनच घरांच्या पाट्या मावत होत्या. मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या. खंडाळा आणि लोणावळा आले. पळसदरी आणि कर्जत बाजूला लावले, प्लॅस्टिकच्या रुळांसकट.

कर्जतच्या फलाटावर त्या मुलीने बटाटेवडेवाले बसवले होते, घड्याळ लावलं होतं, फलकावर स्टेशनचं नाव तीन भाषांत लिहिलं होतं. बँकर इंजिनही तयार होतं, फक्त खाली मोटार नव्हती. दहा दिवस ती रोज आली. गाडी खंडाळ्याहून लोणावळ्याला निघाली की ती आपल्या पाटीशी गुडघ्यांवर बसायची आणि बँकर बोटाने हळूहळू ढकलत कर्जतच्या कडेपर्यंत न्यायची.