ब्लोअर की डायजेस्टर? माझा कौल गाळावर ठरला

ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचं संयंत्र) बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न विजेच्या बिलाचा. रास्त आहे. एरोबिकमध्ये जिवाणूंना हवा द्यायला ब्लोअर रात्रंदिवस चालतो, ॲनारोबिकला, म्हणजे बंद डायजेस्टरला, हवा लागतच नाही. उलट किलोभर सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) मोडला की साधारण 0.35 घनमीटर मिथेन हाती येतो. पण माझं मत बिलानं नाही, गाळानं फिरलं.

गोकुळ शिरगावला आमचं दूध प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. आधी एरोबिकच होतं, आणि पाणी झकास निघायचं. पण त्यातले जिवाणू खाल्ल्यातलं जवळपास निम्मं अंगी लावतात, म्हणजे रोज नवा गाळ. उन्हाळ्यात तो वाळवायच्या वाफ्यावर पसरला की तडकतो, फावड्यानं पापड्या उचलायच्या. जूनमध्ये झड लागली की वाळणं सोडाच, पातळ होऊन कडेनं ओघळायला लागतो. वर प्लास्टिक ताणलं तर आत घाम धरतो आणि चिलटं घोंघावतात. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की ट्रॅक्टरवाला फोनही उचलत नाही. काढायचा थांबवून टाकीतच ठेवावा, तर तो क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) निघालेल्या पाण्यात उतरतो. दर पावसाळ्यात हेच.

डायजेस्टरमध्ये गाळ अंदाजे एरोबिकच्या पाचव्या हिश्श्याइतकाच होतो. पावसाळा सरेपर्यंत तो आतच राहिला तरी बिघडत नाही.

डायजेस्टरचे नखरेही आहेत. गोबरगॅसची स्लरी घालून सुरुवात केली तरी सूर लागायला काही महिने जातात. स्निग्धांश आधी काढावाच लागतो. पनीरचं पाणी एकदम सोडलं की पीएच घसरतो आणि गॅस बसतो. तेव्हा ते वेगळ्या टाकीत धरून थोडं थोडं सोडायचं. शिवाय बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (घाण मोडताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत सहसा येत नाही, म्हणून मागे एक लहान एरेशन टाकी आम्हीही ठेवली आहे. ब्लोअर आहेच, फक्त छोटा.

सोसायटीचं किंवा हॉटेलचं सांडपाणी असेल तर मी कदाचित एरोबिककडेच वळेन. ते पाणी पातळ असतं, गॅस नावापुरता मिळतो आणि वास शेजाऱ्यांना जातो. दूध, काकवी, मळी असला घट्ट माल असेल तर मात्र डायजेस्टर आधी बघावा, असं आपलं माझं मत.

गॅसवर आमचं क्रेट धुवायचं पाणी तापतं. बॉयलर चालेल असं कुणी सांगितलं तर हिशेब कागदावर मागून घ्या.