कासवाचं लाकडी टेबल: सुतारकाम झकास, सोबतचे दिवे बिनकामाचे

हॉर्सफील्ड जातीच्या कासवासाठी म्हणून विकलं जाणारं चार बाय दोन फुटांचं लाकडी टेबल. सोबत 'स्टार्टर किट', म्हणजे दोन दिवे, पाण्याची थाळी आणि लाकडाच्या ढलप्यांची पिशवी. सगळं मिळून १६० पाऊंड, इथे लीड्समध्ये घरपोच. विकणारा छोटा कारखानदार आहे, नाव घेत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: टेबल घ्या, किट घेऊ नका.

ज्याच्यासाठी घेतलं तो तात्या. नाव मुलीने ठेवलं, कारण चेहऱ्यावर कायम पेन्शन अडकल्यासारखा भाव. आधीच्या घरात तो वर्षानुवर्षं काचेच्या टाकीत होता. कासवाला काच समजत नाही; पलीकडे दिसतंय म्हणजे जाता येतंय, अशी त्याची समजूत. त्यामुळे दिवसभर काचेला धडका. चोच इतकी वाढली होती की पान तोडता येईना, नखं वळलेली, कवचावर उंचवटे. चोच आणि नखं डॉक्टरांनी घासून दिली. उंचवटे मात्र जन्माचे. एकदा आले की जात नाहीत, पुढची वाढ सपाट व्हावी एवढंच आपल्या हातात.

आता टेबल. सांगलीला आमच्या वडिलांचं फर्निचरचं काम होतं, त्यामुळे माझा हात आधी सांध्यांवर जातो. बाजू १२ मिलिमीटर प्लायच्या, कोपरे काटकोनात, स्क्रूची डोकी आत बसवलेली, कडा घासून गुळगुळीत. एका टोकाला झोपायची बंद खोली, तिचं झाकण बिजागरीवर. हे काम मनापासून केलेलं आहे. तळ मात्र ६ मिलिमीटरचा, आणि तिथे माझं डोकं फिरलं. हॉर्सफील्ड मध्य आशियातला, बिळं खणून राहणारा प्राणी. त्याला निदान १५ सेंटिमीटर माती हवी. एवढ्या जागेत ती १०८ लीटर होते आणि ओलसर झाली की दीडशे किलोच्या घरात जाते. पायांवर उभ्या केलेल्या टेबलाचा तळ हे वजन घेणार कसा? मी पाय लावलेच नाहीत, टेबल सरळ जमिनीवर ठेवलं. आत तळ्यात घालतात तो रबरी कागद अंथरला, नाहीतर प्लाय फुगून उकलला असता.

ढलप्या बागेत टाकल्या. त्यात बीळ टिकत नाही. खताशिवायची बागेची माती आणि मुलांच्या खेळायच्या वाळूचं मिश्रण स्वस्त पडतं आणि थोडं पाणी मारलं की ओल धरतं. ही ओल महत्त्वाची. कवच वेडंवाकडं वाढण्यामागे कोरडेपणाचा मोठा हात असतो. पाण्याची थाळी तेवढी उथळ आणि जड आहे, ती वापरतो.

किटमधला यूव्हीबीचा (म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांचा) दिवा म्हणजे गुंडाळलेला छोटा सीएफएल. त्याचा प्रभाव थोड्या अंतरावरच ओसरतो. यूव्हीबीशिवाय अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग हाडं मऊ पडतात. इथे काटकसर करून चालत नाही. मी वेगळी टी५ (बारीक, लांब) ट्यूब घेतली, १२ टक्के यूव्हीबीवाली, मागे रिफ्लेक्टर असलेली. कवचापासून साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर वर टांगली, मध्ये जाळी नाही, काच तर नाहीच, कारण काच यूव्हीबी अडवते. वर्षाने ट्यूब बदलायची. ती पेटलेली दिसते, पण यूव्हीबी उतरलेलं असतं. शेजारी उन्हाचा दिवा, त्याखाली ३५ अंश, दुसरं टोक गार. उष्णता वरूनच हवी. खालून विजेवर तापणारी गादी घातली तर उकडल्यावर गारव्यासाठी खणणारा प्राणी आणखीच भाजतो.

पहिल्याच आठवड्यात तात्या सकाळी स्वतःहून ट्यूबखाली यायला लागला. मान लांब, चारी पाय पसरलेले, डोळे अर्धे मिटलेले. जेवण म्हणाल तर अंगणातला डँडेलियन (पिवळ्या फुलांचं रानरोप) आणि जास्वंदीची पानं-फुलं. आई व्हिडिओ कॉलवर "अरे, केळं दे त्याला" म्हणते. फळं देत नाही. (याच जातीची दोन कासवं सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत झोंड ५ यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली. तात्याला हॉलपलीकडे जायची हौस नाही.)

हे वाचून भारतात कुणी स्टार कासव आणायच्या विचारात असेल तर नको. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. कुणाकडे दिसलं तर वनखात्याला कळवा.

टेबलाला पाचपैकी साडेतीन, किटला एक, तोही थाळीचा. कारखानदाराला ईमेल केला तर किटशिवाय नुसतं टेबल ३५ पाऊंड कमी करून देतो. वेबसाइटवर तो पर्याय दिसत नाही, विचारावं लागतं. विचारणारच असाल तर तळ १२ मिलिमीटरचा करून मागा.