खारघरचा पीजी आणि डबा: खोली नंतर, आधी ओटा बघा

नवी मुंबईतल्या खारघरमध्येच निफ्ट हे फॅशनचं कॉलेज आहे, ए. सी. पाटील आणि सरस्वतीसारखी इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत. पलीकडे बेलापूरला भारती विद्यापीठ, नेरूळला डी. वाय. पाटील. त्यामुळे इथल्या एकाच टू-बीएचकेमध्ये इंफाळ, कोट्टायम, पाटणा आणि लातूर अशा चार गावच्या मुली सहज एकत्र येतात. अशा घराचा कस वायफाय किंवा गादीवर लागत नाही, स्वयंपाकघरात लागतो. ते नीट चालत असेल तर खारघरइतकी छान जागा विद्यार्थ्यांना नवी मुंबईत शोधून सापडणार नाही. तिथेच अडलं तर दोन महिन्यांत बोचकं बांधायची वेळ येते.

एजंट ‘किचन आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. कुठे गॅस चालू असतो, कुठे शेगडी आहे पण कनेक्शन बंद, कुठे फक्त मॅगी आणि चहापुरती परवानगी. मासे-मटण चालेल का, हे टोकन देण्याआधीच स्पष्ट विचारा, आणि घरमालकाला विचारा, एजंटला नव्हे. पुष्कळदा मालकाची हरकत नसते, सोसायटीची असते, आणि ते राहायला गेल्यावरच कळतं.

आता ओट्याजवळ या. फळीवर तेलाच्या तीन बाटल्या दिसतील: मोहरी, खोबरेल, शेंगदाणा. पाटण्याची मुलगी मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवते, कारण त्याशिवाय त्याचा उग्रपणा जात नाही. एक्झॉस्टची जाळी तेलकट होऊन बुजली असेल तर तो धूर सरळ पॅसेजमध्ये जातो आणि शेजारची कडी वाजते. जाळी दर पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने घासली तर निम्मी भांडणं होतच नाहीत. मणिपूरची ङारी, म्हणजे आंबवलेले मासे, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावेत. प्लास्टिकच्या डब्याला लागलेला तो वास जात नाही आणि फ्रिजमधलं दूधही तो ओढून घेतं. केरळचा मट्टा तांदूळ आपल्या कोलमपेक्षा बराच जास्त वेळ शिजतो, म्हणून दोनच बर्नर असतील तर तो आधी चढवायचा आणि पोळ्या शेवटी. एवढा क्रम ठरला की रात्री आठची गर्दी सुटते.

राईस कुकर बहुतेक ७०० वॅटच्या आसपास असतो, तो साध्या सॉकेटवर चालतो. इंडक्शन २,००० वॅटचं असेल तर जवळपास ९ अँपियर खेचतं आणि ६ अँपियरच्या सॉकेटमध्ये लावलं की पिन काळी पडून वितळायला लागते. ओट्याजवळ १६ अँपियरचा मोठा सॉकेट आहे का बघा. नसेल तर इंडक्शन आणू नका, एक्स्टेंशन बोर्डवर तर मुळीच नको.

विजेचं बिल महावितरणचं. मीटर एकच असेल तर सगळ्यांचे युनिट एकत्र धरले जातात आणि १००, ३००, ५०० युनिटच्या टप्प्यांनुसार दर चढत जातो. दोन खोल्यांत एसी असतील तर ज्याच्याकडे नुसता पंखा आहे तोही महाग युनिटात ओढला जातो. एसीला सब-मीटर, म्हणजे त्याचे युनिट वेगळे मोजणारा मीटर, मागा आणि राहायला जाल त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

डब्याबद्दल. घरगुती डबा देणाऱ्या काकूंची चव खारघरमध्ये खरोखर चांगली मिळते, अडचण असते ती भरण्यात. पोळ्या गरम असतानाच स्टीलच्या डब्यात बंद केल्या की आत पाणी सुटतं, खालची पोळी ओली आणि वरची वातड होते. फडक्यात गुंडाळून द्यायला सांगा. मे महिन्यात सकाळी भरलेला वरणभात दुपारी दोनपर्यंत आंबूस लागतो, तेव्हा वरण आणि भात वेगळ्या पुडांत हवेत. भातावर वाढलेल्या मुलांना चार पोळ्या नको असतात. दोन पोळ्या कमी आणि भात दुप्पट, ही अदलाबदल महिन्याच्या सुरुवातीला सांगितली तर काकू बहुधा हो म्हणतात. खाड्याचा नियम मात्र पैसे देण्याआधी ठरवा: आदल्या रात्री कळवलं तर कापणार की सलग तीन दिवस गेलात तरच? दिवाळीच्या सुट्टीत वाद होतो तो यावरूनच.

पाणी ही खारघरची दुखरी बाजू. उन्हाळ्यात दाब कमी होतो, वरच्या मजल्यांना त्रास जास्त. बिल्डिंगला टँकर लागतो का आणि त्याचे पैसे भाड्यात धरलेत का, हे वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो.

जाण्यायेण्याला बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे. उत्सव चौक, सेंट्रल पार्क, पेठपाडा या बाजूला राहणाऱ्यांना आता स्टेशनसाठी रिक्षाची वाट बघावी लागत नाही, बेलापूरला हार्बर लोकल पकडता येते. सेक्टर २२ ला टाटाचं अॅक्ट्रेक हे कॅन्सरवरचं उपचार आणि संशोधन केंद्र असल्यामुळे त्या भागात पेशंटचे नातेवाईकही खोल्या शोधत असतात. तिथे खोली हवी असेल तर जरा लवकर हालचाल करा.

पूर्ण फ्लॅट घेत असाल तर ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार पुरत नाही. नोंदणी करून घेणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, आणि ती घरबसल्या ऑनलाइन होते. करारात चारही मुलींची नावं घाला. एकीच्याच नावावर केला आणि तीच मध्ये सोडून गेली, तर बाकी तिघींना डिपॉझिट मागायला हातात कागद उरत नाही.