सॅडल की हँग-ऑन स्टँड? झाडावर दिवस काढायचा तर

झाडावर बसून हरणाची शिकार करायची ही दोन साधनं: हँग-ऑन स्टँड म्हणजे खोडाला बांधायचा सीट आणि प्लॅटफॉर्म, आणि सॅडल म्हणजे बुडाखाली घेऊन दोरीने खोडाला टांगून बसायचा कापडी पट्टा. संध्याकाळच्या दोन तासांच्या बैठकीत दोघांच्या आरामात फारसा फरक कळत नाही. तो कळतो नोव्हेंबरात, रट (हरणांचा माजाचा काळ) भरात असताना, पहाटेच्या अंधारात चढून दुपार उलटेपर्यंत उतरायचं नाही असं ठरवलेलं असतं तेव्हा. म्हणून इथे जे लिहितोय ते लांब बैठकीबद्दल, आणि मिशिगनच्या सरकारी जंगलात कंपाउंड बो (कप्प्यांचं धनुष्य) घेऊन व्हाइटटेल हरणासाठी बसणाऱ्यांना समोर ठेवून. ताडोबा-मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला मचाणावर रात्र काढलेल्यांना लांब बैठक काय असते ते सांगायला नको. पण ते मचाण आधीच बांधलेलं, सपाट असतं. इथे झाड रोज नवं.

वजन, किंमत, कमाल भार हे आकडे खोक्यावर छापलेलेच असतात, ते सोडून देतो.

हँग-ऑनचा आराम खुर्चीचा आहे. पाठ बुंध्याला, भार बैठकीवर, पावलं सपाट. सरळ झाडावर नीट बसवलेल्या चांगल्या हँग-ऑनची बरोबरी सॅडल करू शकत नाही, हे आधीच मान्य करतो. मिलेनियम कंपनीच्या स्टँडवर असते तशी ताणलेल्या जाळीची सीट असेल तर बूड दुखत नाही आणि पाऊस पडला तरी पाणी साचत नाही. फोमची गादी पहिला तासभर मऊ लागते, मग दबते. भिजली तर थंडीत दिवसभर ओलीच राहते, आणि खारी तिचे तुकडे पळवतात ते वेगळंच. सीटची उंचीही बघावी. गुडघे साधारण काटकोनात राहिले पाहिजेत. सीट बुटकी असली तर गुडघे वर येतात आणि कंबर भरून येते. उंच असली तर पुढची कड मांडीच्या मागे रुतते आणि पायाला मुंग्या येतात. जाड तळव्याचे हिवाळी बूट घातले की गुडघा इंच-दीड इंच वर जातो, तेव्हा उंची त्या बुटांतच तपासावी.

हँग-ऑनमध्ये फुल-बॉडी हार्नेस घालावाच लागतो आणि त्याचा पट्टा पाठीवरून, मानेच्या मागून झाडाकडे जातो. बसल्यावर त्यात ढील राहू नये इतक्या उंचीवर तो बांधायचा असतो. म्हणजे मान वळवली की तो टोपीला घासणार, उभं राहून वळलं की खांद्यावरून पुढे येणार. याची सवय होते. छातीचा पट्टा गळ्याकडे सरकत असेल तर बहुधा मांड्यांचे पट्टे सैल असतात. ते आधी आवळावेत.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल सॅडलच्या बाजूने लागला ती सांगतो. झाड सरळ नसतं.

दुकानातल्या प्रात्यक्षिकात स्टँड ओळंब्यातल्या खांबावर लावलेला असतो. जंगलात हरणांची वाट जाते ती दलदलीच्या काठाने, ओकच्या उताराने, सीडरच्या गर्दीतून, आणि वाऱ्याचा विचार करून जे एकच झाड उरतं ते हमखास कुठेतरी कललेलं निघतं. खोड तुमच्या पुढच्या बाजूला चार-पाच अंशांनी जरी झुकलं असलं, तरी प्लॅटफॉर्म आणि सीट दोन्ही पुढे उतरती होतात. मग घाट उतरणाऱ्या एसटीत पाय रोवून बसावं तसं दिवसभर बसायचं. पोटऱ्या आणि मांडीचे पुढचे स्नायू सतत ताणलेले, तळव्याचा पुढचा भाग बधिर. बैठक कितीही मऊ असली तरी तिच्यावर पुरता भार पडतच नाही. कल बाजूला असेल तर एका बुडावर बसणं होतं आणि दुपारपर्यंत कंबरेची एक बाजू धरते.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. लोन वुल्फ कंपनीच्या धाटणीच्या काही स्टँडमध्ये प्लॅटफॉर्म आणि सीट दोन्ही वेगवेगळी समतल करता येतात. पुढे-मागे असलेला कल त्याने बराच निघतो. बाजूचा कल मात्र स्टँड खोडाभोवती थोडा फिरवूनच सांभाळावा लागतो. शिवाय जितके सांधे जास्त तितकी थंडीत करकर जास्त. प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घालावा, आणि चढवल्यावर पट्टा ओढून झाला की प्लॅटफॉर्मच्या मागच्या कडेवर उभं राहून एकदा पूर्ण भार द्यावा म्हणजे स्टँडचे दात सालीत बसतात. हे न केल्यास पहिल्या हालचालीला होणारा 'टक्' आवाज वीस यार्डांवरच्या हरणाला नक्की ऐकू जातो.

दुसरा उपाय म्हणजे कललेल्या झाडाच्या वरच्या अंगाला स्टँड लावणं. मग प्लॅटफॉर्म किंचित मागे झुकतो, पाठ आपोआप रेलते आणि बसायला उत्तम. पण तेव्हा तोंड कुठे करायचं हे झाड ठरवतं. वाट डावीकडे, झाड म्हणतं उजवीकडे बघ. हँग-ऑनमध्ये तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेचं राज्य. पाठीमागून हरीण आलं तर उठायचं, सीट वर दुमडायची, वळायचं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला आपल्या उजवीकडचा नेम बसल्या जागी जवळजवळ जमतच नाही.

सॅडलमध्ये हा प्रश्न बऱ्याच अंशी उरत नाही, कारण भार दोरीवर असतो आणि दोरी खोडाच्या कलाला विचारत नाही. प्लॅटफॉर्म थोडा वाकडा असला तरी बसणं बिघडत नाही, पावलं काय ती तिरपी पडतात. कललेल्या झाडावर सॅडलवाल्यानेही वरच्या अंगालाच जावं, म्हणजे शरीर खोडाकडे ओढलं जातं. बाजूचा कल इथेही त्रास देतो. शरीर लंबकासारखं खालच्या बाजूला सरकू पाहतं आणि एकाच पायावर जोर येतो. पण तेव्हा झाडाभोवती एक पाऊल सरकून बसता येतं आणि तोंड कुठे करायचं याचा हक्क आपल्याकडे राहतो.

सॅडलची स्वतःची अडचण आहेच, आणि ती नवख्यांना पहिल्याच आठवड्यात पळवून लावते: खुब्यांवर येणारा चिमटा. त्याचं कारण नीट समजून घेतलं तर तो बहुतेकांचा जातो. सॅडलच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून ब्रिजची दोरी पुढे येऊन एका कॅराबिनरमध्ये (बंद होणाऱ्या धातूच्या कडीत) मिळते. ही दोरी आखूड असली की दोन्ही बाजू आत दाबल्या जातात आणि खुब्याच्या बाहेरच्या हाडावर पट्टीची कड बसते. म्हणून पहिलं काम ब्रिज लांब करणं. मर्यादा इतकीच की पूर्ण भार दिल्यावर कॅराबिनर हाताच्या सहज टप्प्यात राहिला पाहिजे. दुसरं काम, कापडाची खालची कड बुडाच्या खाली, मांडी सुरू होते तिथपर्यंत ओढणं. बरेच जण सॅडल कंबरेला घालतात. ती बुडाखाली हवी. तिसरं, कंबरेचा पट्टा. चढताना तो घट्ट असावा, पण टेदरवर (ब्रिज जिला अडकतो त्या, झाडाला बांधलेल्या दोरीवर) भार आल्यावर सॅडल खाली घसरणार नाही इतपतच ठेवून थोडा सैल करावा. मांड्यांचे पट्टे तळहात जाईल इतके सैल; त्यांनी भार घ्यायचा नसतो. पँटच्या खिशातला फोन, किल्ल्या, पाकीट आधी बाहेर. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

टेदरची उंची ही यातली सगळ्यात उपयोगी कळ. प्लॅटफॉर्मवर ताठ उभं राहून प्रुसिकची गाठ (टेदरवर सरकवता येणारी, भार आला की आवळणारी) कपाळाच्या उंचीला येईल अशी सुरुवात करावी. गुडघे खोडाला टेकून बसायचं असेल तर टेदर थोडा वर, पाय ताणून मागे रेलायचं असेल तर थोडा खाली. फरक दोन-तीन इंचांचाच, पण दाब मांडीवरून खुब्यावर किंवा खुब्यावरून पाठीवर सरकतो. थंडीत जाड हातमोज्यांनी प्रुसिक सरकवणं जिकिरीचं होतं. दोरीच्या जाडीला मंजूर असलेला यांत्रिक अॅसेंडर असेल तर एका हाताने काम होतं, आणि काम सोपं असलं की माणूस जागा बदलतो. सॅडलमध्ये आराम टिकतो तो जागा बदलण्यानेच. थोडा वेळ बसायचं, थोडा वेळ रेलायचं, थोडा वेळ एक खुबा झाडाला लावून तिरपं राहायचं. या हालचाली हळू आणि आवाज न होता होतात, बुंधा समोर असल्याने हरणाला फारशा दिसतही नाहीत. पाठीला आधार हवा असेल तर रुंद बॅक-बँड घ्यावा. मागे रेलल्यावर खांद्यांखालचा भार तो घेतो आणि लांब बैठकीत त्याचा मोठा फरक पडतो.

गुडघ्यांना पॅड लागतात, विशेषतः शॅगबार्क हिकरीच्या सालीवर. पावलांचं मात्र खरं दुखणं आहे. सॅडलचा प्लॅटफॉर्म साधारण वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. रेलल्यावर त्याची कड तळव्याच्या मधोमध येते आणि मऊ बुटातून टोचते. ताठ तळव्याचे बूट घातले तर सुटतं, पण ताठ आणि उबदार असे दोन्ही गुण असलेले बूट जड असतात. प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना खोडाभोवती पट्ट्याने बांधायच्या पायऱ्या लावल्या तर पाय ठेवायला जागा वाढते आणि मागच्या बाजूचा नेमही जमतो. उजव्या हाताच्या धनुर्धराला सॅडलमध्ये डावीकडचं हरीण सोपं. उजवीकडचं आलं तर बो ब्रिजवरून पलीकडे नेऊन वळावं लागतं. जमिनीपासून दोन फुटांवर टांगून घेऊन सराव केल्याशिवाय हे वर करू नये.

थंडीच्या बाबतीत मी हँग-ऑनला झुकतं माप देईन. पाठ खोडाला असल्याने मागचा वारा अडतो. सॅडलमध्ये पाठ उघडी राहते. शिवाय सॅडलची पट्टी बुडाखालचं कापड दाबते आणि दाबलेल्या कापडात ऊब राहत नाही. डिसेंबरातल्या शेवटच्या हंगामात, पारा २० फॅरनहाइटच्या खाली असताना, हे जाणवतं. मागची झिप असलेली बिब (छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट) आणि वारा आत न येऊ देणारं जॅकेट घेतलं तर निभावतं. उलट बाजूने, हँग-ऑनच्या अॅल्युमिनियमवर दव गोठलं की प्रत्येक पाऊल वाजतं. प्लॅटफॉर्मवर बाहेर वापरायच्या गालिच्याचा तुकडा चिकटवणं हा त्यावरचा जुना आणि चांगला इलाज.

पण थंडी वाजण्याचं मूळ बरेचदा झाडावर नसतंच, ते वाटेवर असतं. पाठीवर स्टँड, खोडाला बांधून चढायच्या स्टिक्स, जाड कपडे, हातात बो, आणि वाट झुडपांतून. स्टँडची चौकट फांद्यांना अडते, माणूस घामाघूम होऊन पोहोचतो आणि वर बसल्यावर तासाभरात तोच घाम हाडं गोठवतो. सॅडल अंगावर किंवा पिशवीत जाते, प्लॅटफॉर्म पाठीला चपटा बसतो. कोरडं पोहोचणं हाही आरामच, आणि तो सीटच्या गादीइतकाच मोजला पाहिजे असं मला वाटतं.

मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवर स्टँड १ सप्टेंबरपासून लावता येतो, १ मार्चपर्यंत काढावा लागतो आणि त्यावर तुमची ओळख लिहिलेली असावी लागते. झाडाच्या सालीआतल्या थराला भोसकणारं काहीही तिथे चालत नाही, म्हणजे स्क्रू-स्टेप्स (खोडात पिळून बसवायच्या पायऱ्या) दोन्ही पर्यायांत बाद. आणि आधी लावून ठेवला म्हणून जागा तुमची होत नाही. स्वतःची किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची जमीन असेल तर मात्र माझं सॅडलकडचं झुकतं माप बाजूला ठेवा. ऑगस्टमध्ये सावकाश सरळ झाड शोधून, लाइफलाइनसकट (चढता-उतरता हार्नेस अडकवायच्या दोरीसकट) लावलेला हँग-ऑन हंगामभर वापरावा; त्याहून आरामाचं काही नाही. फक्त दरवर्षी पट्टे सोडून बघावेत. झाड जाड होत जातं तसा पट्टा ताणतो, ऊन त्याला कुजवतं आणि खारी कुरतडतात.

ज्यांचे गुडघे किंवा कंबर आधीच तक्रार करतात त्यांना सॅडल आवडेलच असं सांगता येत नाही. काहींना पाठीला ती उलट बरी वाटते, काहींना गुडघे टेकणंच नको असतं. दिवसभरात डुलकी लागणाऱ्यांनीही हँग-ऑनचाच विचार करावा, हार्नेसचा पट्टा आखूड ठेवून.

अजून ठरत नसेल तर खरेदी स्टिक्सपासून सुरू करा. चार चांगल्या, आवाज न करणाऱ्या स्टिक्स आणि लाइनमनचा दोर (चढताना खोडाभोवतून अंगाला अडकवायचा) दोन्हीकडे लागतातच, आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत बांधलेलं राहायचं हा नियमही दोन्हीकडे सारखाच. मग कुणाची तरी सॅडल मागून घ्या. अंगणातल्या झाडावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, नोव्हेंबरातले पूर्ण कपडे आणि बूट घालून तासभर टांगून बसा. टी-शर्टवर केलेली चाचणी काही सांगत नाही. पावलं दुखली तर बूट बदला. खुबे दुखले तर मालकाला परत द्यायच्या आधी ब्रिज चार बोटं लांब करून आणखी अर्धा तास बसून बघा.